किरायत्याची परीक्षा

खूप दिवसांपासून या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होते, पण धीर होत नव्हता. पोटाचं दुखणं हा चारचौघांत बोलायचा विषय नाही, असं आपल्याकडे मानतात. गुडघ्यांवर, साखरेवर, अगदी काढून टाकलेल्या पित्ताशयावरसुद्धा लोक चवथीच्या पंगतीत चवीने बोलतात. पण "दिवसातून बारा वेळा जावं लागतं आणि रक्त पडतं" हे कुठल्या पंगतीत सांगणार? म्हणून इथे सांगते. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे, त्यांनी हा लेख ताट उचलल्यावर वाचावा.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज तिथून वर सरकते. क्रोन्स नावाचा याचा एक भाऊ आहे, तो तोंडापासून खालपर्यंत अन्नमार्गात कुठेही ठाण मांडू शकतो. दोघांना मिळून डॉक्टर आयबीडी म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणाच आपल्या आतड्यावर उलटते, असं मला सांगण्यात आलं. औषधांनी हे दुखणं मुळासकट जात नाही. ते निजतं आणि पुन्हा उठतं. निजलेलं असतं तेव्हा मी तुमच्यासारखीच. उठतं तेव्हा फोंड्याहून पणजीला बसने जाताना मंगेशी, बाणस्तारी, खोर्ली, ओल्ड गोवा या गावांची माझ्यापुरती एकच ओळख उरते, ती म्हणजे तिथे उतरल्यावर शौचालय किती पावलांवर आहे. ऑफिसात माझं टेबल कॉरिडॉरच्या टोकाला आहे. सगळ्यांना वाटतं मला खिडकी आवडते.

हे दुखणं उघडकीला यायलाही वेळ लागला. २०१६ च्या पावसाळ्यात रक्त दिसलं तेव्हा सगळ्यांनी एकच शब्द उच्चारला, आंव. घरी माई म्हणाल्या आंव, शेजारीण म्हणाली आंव, आणि अमिबावरच्या गोळ्यांचे दोन कोर्सही झाले. आपल्या हवेत, आपल्या पाण्यात तो अंदाज काही वावगा नव्हता. पुढल्या वर्षी दुर्बीण आत गेली, तुकडा तपासला गेला, तेव्हा कळलं की हे जंतूंचं काम नाही. आपल्या भाषेत 'रक्ताची आंव' हा शब्द एकच आहे, पण त्याच्या आत दोन वेगवेगळी दुखणी राहतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी भांडणं याच एका शब्दातून निघतात.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर सत्तरीत, वय ऐंशीच्या पुढे, आणि झाडांची ओळख माणसांच्या ओळखीपेक्षा पक्की. त्यांनी दुखण्याचं नाव ऐकलं, उच्चारायचा एकदा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या दिवशी परसातून कुड्याची साल आली.

कुडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. उन्हाळ्याच्या शेवटी डोंगर उतारांवर पांढऱ्या फुलांचे घोस लागतात तोच. काही घरांत फुलांची भाजी होते, शेंगांचीही होते. सालीचा कशाय मात्र आंवेवर. गंमत अशी की त्याच्या शास्त्रीय नावातच हे काम लिहून ठेवलं होतं, होलाऱ्हेना अँटिडिसेंटेरिका, म्हणजे आंवेच्या विरोधातला. (आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला होलाऱ्हेना प्युबेसेन्स म्हणतात, म्हणजे लव असलेला. नाव बदलल्यावर बिचाऱ्याचा हुद्दाच गेला.)

हा कुडा गोव्याच्या छापील इतिहासातही आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली इथे आला आणि १५६८ साली मरेपर्यंत इथेच राहिला. त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात पोट वाहण्यावर चालणाऱ्या एका मलबारी वनस्पतीची चर्चा आहे, आणि नंतरच्या अभ्यासकांनी ती वनस्पती म्हणजे आपला कुडाच, असं ओळखलं. ओर्ता शिकून आला होता सालामांका आणि आल्कालाला, पण इथे आल्यावर त्याने इथल्या वैद्यांना विचारलं आणि जे ऐकलं, पाहिलं ते लिहून ठेवलं. तो मेल्यावर, १५८० साली, ज्यू असल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. त्या बागेत बसून मी कितीतरी वेळा डबा खाल्ला आहे, अर्थात दुखणं निजलेलं असताना.

तर, कुडा आंवेवर चालतो हे शेकडो वर्षं लोक सांगत आले. सालीत कोनेसिन नावाचं द्रव्य आहे, ते एकेकाळी अमिबाच्या आंवेवर डॉक्टरही वापरत. पण ती आंव जंतूंची. माझ्या आतड्यात मारायला जंतूच नाही. माईंच्या ज्ञानात खोट होती असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शब्दात दोन दुखणी एकत्र बांधलेली होती, आणि औषध त्यातल्या एकाचं होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरें तर, किरायतें घे."

किरायतं! गोव्यात वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकल्यावर जिभेच्या मुळाशी काय होतं ते मी लिहून दाखवू शकत नाही. पावसाळ्याच्या सकाळी, अनशापोटी, नाक दाबून. जंतांवर, तापावर, भूक लागत नाही म्हणून, आणि कधी कधी फार मस्ती केली म्हणूनही. घाटावरच्या मराठीत याला पालेकिराईत म्हणतात, हिंदीत कालमेघ, तामिळनाडूत निलवेंबू. (हिमालयातलं चिराईत वेगळं, ते दुकानात मिळतं आणि लोक दोघांची गल्लत करतात.) शास्त्रीय नाव अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. माई म्हणाल्या, "एक घोंट घे गो, कांय जायना."

मी घेतला. गोळ्या चालू होत्याच, मेसालामिनच्या, दिवसाला सहा. त्याबरोबर आठवड्यातून दोनदा किरायतं. हे २०१९ च्या जूनमधलं. श्रावण उजाडेपर्यंत रक्त थांबलं. चवथीला मी माटोळीखाली बसून पातोळ्या खाल्ल्या आणि मध्ये एकदाही उठले नाही.

आता घरात प्रश्न उभा राहिला तो श्रेयाचा. माईंच्या मते किरायत्यानं गुण दिला. डॉक्टरांच्या मते गोळ्यांनी. नवऱ्याच्या मते मंगेशाला केलेल्या अभिषेकानं, आणि तो खर्च त्याने केला असल्यामुळे त्याला तसं म्हणायचा हक्क होता. मी आयुष्यभर फायली हाताळलेली बाई, मला कोणाच्या तरी नावावर नोंद टाकल्याशिवाय चैन पडत नाही. कला शाखेची पदवी, मराठी आणि इतिहास. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध नाही. तरीही शोधायला बसले आणि एका संध्याकाळी सापडलं की किरायत्याची खरोखरच परीक्षा झालेली आहे, आणि तीही नेमकी माझ्याच दुखण्यावर. मी जवळजवळ ओरडलेच. माईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कितें जालें?" मी सांगितलं. त्या हात पुसत बाहेर आल्या. "आमचें किरायतें थंय मेरेन पावलें?"

पावलं होतं खरं. पाल्याचा कशाय नव्हे, पाल्यापासून काढलेला ठरावीक मात्रेचा अर्क, कॅप्सूलमध्ये भरलेला. चीनमध्ये आधी १२० रुग्णांवर तो मेसालामिनशी तोलून पाहिला होता आणि दोघांचा गुण साधारण सारखाच निघाला होता. मग अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या २२४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवडे, तीन गट. एकाला रोज १२०० मिलिग्रॅम, दुसऱ्याला १८००, तिसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

ही पद्धत मला लगेच कळली, कारण आमच्याकडे निविदा अशाच असतात. लिफाफे सीलबंद. कोणाची किंमत काय हे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर उघडेपर्यंत कोणाला कळता कामा नये. का? कारण कळलं तर माणूस वाईट नसला तरी त्याचा हात आपोआप एका बाजूला झुकतो. आपलं माणूस, आपल्या गावचं, आपल्या भाषेचं. किरायत्याच्या बाबतीत मी स्वतः तटस्थ राहू शकले नसते. माझ्या मनात ते पास व्हावं असंच होतं, आणि म्हणूनच माझ्या मताला तिथे किंमत नको.

निकाल असा. १८०० वाल्या गटात शंभरातल्या ६० जणांना उतार पडला. १२०० वाल्यांत ४५ जणांना. आणि रिकाम्या कॅप्सूलवाल्यांत? ४० जणांना.

हा ४० चा आकडा मी तीनदा वाचला. पूर्ण शांत झालेले पाहिले तर मोठ्या मात्रेत ३८ टक्के, लहान मात्रेत ३४, आणि रिकाम्या कॅप्सूलवर २५. म्हणजे काहीही न घेता (निदान त्या कॅप्सूलमधून तरी) दर चारांतला एक माणूस दोन महिन्यांत ठणठणीत. उतार पडण्यातला ६० आणि ४० मधला फरक योगायोगाच्या पलीकडचा धरण्यासारखा होता. पूर्ण शांत होण्यातला ३८ आणि २५ मधला फरक मात्र तेवढ्या माणसांत योगायोगानेही पडू शकला असता.

माईंना मी हे सगळं पोह्यांच्या दाण्यांनी मांडून दाखवलं, शंभर दाणे मोजून, ढीग करून. त्या बराच वेळ तिसऱ्या ढिगाकडे बघत राहिल्या. "आनी ती फटीची गुळी घेवन बरीं जालीं तीं? तांकां कोणें बरीं केलीं?"

या प्रश्नाने माझी नोंद टाकायची जागाच गेली. माझ्या २०१९ च्या चवथीच्या पातोळ्या कोणाच्या नावावर टाकायच्या? गोळ्यांच्या, किरायत्याच्या, की त्या तिसऱ्या ढिगाच्या? हे दुखणं आपल्याच लहरीने निजतं. माणूस औषधाकडे वळतो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून बहुतेक गोष्टी खालीच उतरतात. नियमाने तपासणारं, विचारपूस करणारं कोणी भेटलं की त्यानेही बरं वाटतं. एका बाईच्या एका पावसाळ्यावरून यातलं काहीच वेगळं काढता येत नाही. त्यासाठीच २२४ माणसं लागतात, आणि ती सुद्धा कमी पडतात.

"मागीर? पास जालें काय नापास?" माईंनी विचारलं. मला उत्तर द्यायला जिवावर आलं. २०१३ मध्ये त्याहून मोठी, शेवटच्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. हचिसन मेडिफार्मा आणि नेस्ले यांची भागीदारी तिच्यामागे होती, म्हणजे पैशाला तोटा नव्हता. २०१४ साली मध्येच आकडे तपासले गेले आणि असं दिसलं की शेवटपर्यंत नेली तरी ही चाचणी आपलं उद्दिष्ट गाठणार नाही. तिथेच थांबवली.

माई काही बोलल्या नाहीत. मग रात्री जेवताना म्हणाल्या की त्यांनी पाला कधी तोडला होता, फुलायच्या आधी की नंतर? उन्हात वाळवला की सावलीत? मला हसू आलं, पण प्रश्न हसण्यासारखा नाही. झाडातलं द्रव्य जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतं हे औषध बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं, म्हणून तर ते अर्क प्रमाणित करत बसतात. आणि त्या चाचणीने एवढंच सांगितलं की तो अर्क, त्या मात्रेत, त्या दुखण्यावर, पुरेसा ठरला नाही. किरायतं तापावर निरुपयोगी आहे असं ती म्हणत नाही, कारण तिला तो प्रश्न विचारलाच नव्हता. तरी मला राहून राहून वाटतं, आपल्या परसातल्या झाडाला कोणीतरी एवढ्या गांभीर्याने हॉलतिकीट देऊन परीक्षेला बसवलं, यात त्याचा मानच आहे. जे नुसतं 'आयुर्वेदात सांगितलंय' म्हणून डबीत भरून दोन हजार रुपयांना विकतात, त्यांनी कुठे त्याला बसवलं?

हळदीची गोष्ट जास्त चांगली आहे. हळदीवर आधी आपल्याला एक कोर्टकज्जाच लढावा लागला होता. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, आणि ते १९९७ साली रद्द करून घेतलं ते सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत. माशेलकर जन्माने माशेलचे, म्हणजे माझ्या बसच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावरचे. आम्ही फोंडेकर ही गोष्ट संधी मिळेल तिथे सांगतो. पण हळद आपली आहे हे सिद्ध करणं वेगळं आणि हळद आतड्याला गुण देते हे सिद्ध करणं वेगळं. पहिल्याला जुन्या पोथ्या पुरतात. दुसऱ्याला लिफाफे लागतात.

ते लिफाफे बाहेरच्यांनी उघडले. जपानमध्ये २००६ साली ८९ रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. दुखणं निजलेल्या माणसांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर रोज २ ग्रॅम करक्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, सहा महिने. करक्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांचं दुखणं परत उठलं, रिकामी गोळी घेणाऱ्या ३९ पैकी आठ जणांचं. मग २०१५ साली इस्रायल, हाँगकाँग आणि सायप्रस इथे मिळून ५० जणांवर झालेली चाचणी आली. यांचं दुखणं उठलेलं होतं आणि मेसालामिन पुरत नव्हतं. गोळ्या चालू ठेवून रोज ३ ग्रॅम करक्युमिन दिलं तेव्हा महिन्याभरात २६ पैकी १४ जण शांत झाले. दुसऱ्या गटात २४ पैकी एकही नाही.

एवढं वाचून कोणीही हळदीचा डबा उघडून बसेल. थांबा. दिल्लीच्या एम्समध्ये ६२ रुग्णांवर हेच करून पाहिलं, पण मात्रा होती दिवसाला ४५० मिलिग्रॅम. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. तेच द्रव्य, तेच दुखणं. कमी मात्रेत काही नाही. आता घरचा हिशेब करा. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे जपान्यांच्या २ ग्रॅमसाठी रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद, वीसेक चमचे. आमच्या घरात हुमणाला, खतखत्याला, सगळ्याला मिळून आठवड्याला एवढी लागत नाही. रात्रीच्या हळदीच्या दुधात चमचाभर हळद, म्हणजे फार तर १०० मिलिग्रॅम. दूध प्यावं, छान झोप लागते. पण त्याला त्या चाचणीचं प्रमाणपत्र चिकटवू नये.

आणि वीस चमच्यांचा अर्क गोळीत भरून घेणं हा स्वयंपाकघरातला प्रकार राहत नाही, ते औषध झालं, आणि औषधासारखंच त्याला भ्यायला हवं. करक्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. आपल्याकडे कोविडच्या काळात जो तो गुळवेल पीत होता, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद झाला. माझा मुद्दा वादाच्या निकालाचा नाही. झाडपाल्याने अपाय नाही, हे वाक्य आपण ज्या सहजतेने म्हणतो, ती सहजता मला आता जमत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण निळीचं. चिनी वैद्यकात 'चिंग दाई' नावाची निळी पूड आहे, काही झाडांच्या पाल्यापासून काढलेली. त्यातलं एक झाड आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्या कुळातलं. जपानमध्ये तिची चाचणी झाली, ८६ रुग्ण, निकाल २०१८ साली आला. रिकाम्या कॅप्सूलवर १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना उतार, आणि निळीच्या मात्रा वाढवत नेल्या तसा ७०, ७५, ८१ टक्के. किरायत्याच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून बघा! पण ही चाचणीसुद्धा मुदतीआधी थांबवली गेली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने स्वतःच विकत आणून सहा महिने ही पूड घेतली होती आणि त्याला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा गंभीर आजार झाला, असं कळलं म्हणून. गुण एवढा मोठा, आणि धोका फुप्फुसात, जिथे आतड्याचा रुग्ण कधी बघायलाही जाणार नाही. हा धोका नजरेला आला, कारण कोणीतरी नोंद ठेवत होतं. त्या माणसाने गुपचूप पूड खाल्ली असती आणि डॉक्टरला सांगितलंच नसतं तर?

सांगत नाहीत, हे मला माहीत आहे. ओपीडीच्या बाकावर बसून मी पुष्कळ ऐकलं आहे. आत गेल्यावर "आणखी काही घेता का?" या प्रश्नाला सगळे मान हलवतात, आणि बाहेर येऊन एकमेकांना कशायाची कृती सांगतात. तिथे भेटलेल्या एका मुलीने, वय पंचविसाच्या आत, कोणाच्या तरी सल्ल्याने गोळ्या बंद करून नुसती एक पूड धरली होती. पुढच्या वेळी भेटली तेव्हा ती व्हीलचेअरवर होती आणि स्टिरॉइडने चेहरा सुजला होता. पूड वाईट होती की गोळ्या बंद केल्याने झालं, हे मी सांगू शकत नाही. पण वर लिहिलेल्या हळदीच्या चाचण्या पुन्हा वाचा. गोळ्या बंद करून हळद, असं त्यांत कोणी केलं नव्हतं. गोळ्या आणि हळद.

गोळ्यांचीही एक परीक्षा झाली होती, ती मला फार आवडते. पूर्वी सल्फासॅलाझिन नावाचं औषध देत. ते दोन द्रव्यांचं जोडलेलं, आणि गुण दोघांतल्या कोणाचा हे माहीत नव्हतं. १९७७ साली ऑक्सफर्डला आझाद खान नावाच्या तरुण डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे करून रुग्णांच्या आतड्यात खालून सोडले आणि पाहिलं. गुण एकाचाच निघाला, आणि तो तुकडा म्हणजे मी रोज सहा वेळा गिळते ते मेसालामिन. आझाद खान पुढे आपल्या देशी, बांगलादेशला परतले आणि तिथे मधुमेहाच्या कामात मोठे झाले. शिवाय ही गोळी कारखान्यात बनत असली तरी तिचं घराणं सॅलिसिलिक आम्लाचं, आणि त्या घराण्याचं नाव विलो नावाच्या झाडावरून आलेलं. त्याच्या सालीचा काढा युरोपातल्या म्हाताऱ्या तापावर देत. हे सांगितल्यावर माईंचा चेहरा उजळला. "म्हळ्यार ती पसून सालच गो!"

२०२२ मध्ये माझं दुखणं पुन्हा उठलं. तेव्हा मी गोळ्याही घेत होते आणि किरायतंही. दोघांनाही दोष दिला नाही, स्टिरॉइड घेतलं, सहा महिने गेले. सावरल्यावर मी एक वही घेतली आणि घरात पोटात जाणाऱ्या सगळ्याची नोंद केली. गोळ्या, किरायतं, माईंचा ओव्याचा अर्क, इसबगोल, सगळं, किती, कधीपासून. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. करक्युमिनबद्दल विचारलं, आकड्यांसकट. ते तरुण आहेत, कारवारकडचे. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुम्ही नक्की कुठल्या खात्यात?"

मग नीट बोलणं झालं. करक्युमिन गोळ्यांच्या जोडीला घेऊन बघू म्हणाले, मात्रा त्यांनी ठरवून दिली, कुठलं घ्यायचं ते लिहून दिलं, आणि दर तीन महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी. किरायत्याबद्दल थोडा वेळ विचार केला. आठवड्यातून एकदा चालेल, दुखणं उठलं तर बंद, आणि कावीळ वाटली तर लगेच यायचं. हे सगळं त्यांनी केस पेपरवर औषधांच्या रकान्यात उतरवलं. "किरायतं इंग्रजीत कसं लिहू?" त्यांनी विचारलं. मी शास्त्रीय नाव अक्षर अक्षर सांगितलं आणि त्यांनी ते मेसालामिनच्या खाली, दोन नंबरला लिहिलं.

घरी आल्यावर माईंनी तो कागद मागून घेतला. वाचता येत नाही, पण ओळीवर बोट ठेवून "हें आमचें?" म्हणून विचारलं. हो म्हटलं. पुढची रक्ततपासणी चवथीनंतर आहे.